चांदीच्या धावा आणि जळालेले रोखे

अमेरिकेतील यादवी युद्ध ऐन भरात असताना वर्धा-हिंगणघाटच्या मुलखात कपाशीचा पैसा किती वेगाने आला आणि कोणत्या वाटांनी निघून गेला, याची हकीकत रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अंमलदाराने आपल्या सरकारी अहवालात नमूद करून ठेवली आहे. नांगराचे फाळ चांदीचे आणि गाडीच्या चाकांच्या धावाही चांदीच्या, असा प्रकार कोठे कोठे दृष्टीस पडू लागला. दुडक्या चालीच्या बैलजोडीला मागेल ती किंमत मिळू लागली. आणि लग्नकार्यांत पैशाची उधळण झाली, असे तो सांगतो. चांदी हा मऊ धातू आहे. काळ्या रानातून निघून दगडधोंड्यांच्या वाटेला लागणाऱ्या चाकाला लोखंडाची धाव जे संरक्षण देते ते चांदीची धाव देऊ शकत नाही, हे ज्याचे सारे आयुष्य गाडी-नांगराच्या संगतीत गेले त्या कुणब्याला कळत नसेल असे मानणे, म्हणजे त्याच्या अकलेचा उपमर्द करणे होय. त्याला ते पूर्णपणे कळत होते, आणि तरीही त्याने ती धाव चढविली. मनुष्य आपल्या गरजेहून अधिक उपभोग का घेतो, या प्रश्नाचा विचार बहुधा नीतीच्या भूमिकेवरून केला जातो. परंतु १८६१ ते १८७९ या अठरा वर्षांत महाराष्ट्रात जे घडले त्याच्या आधाराने तो इतिहासाच्या भूमिकेवरून केला, तर काही निराळे आणि अधिक न्याय्य उत्तर हाती येते, असे मला वाटते.

या कथेचे मूळ महाराष्ट्राच्या भूमीत नव्हते. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या रुईपैकी सुमारे चार-पंचमांश रुई अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून, गुलामांच्या श्रमावर पिकून येत असे. १८६१ च्या एप्रिलात उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध जुंपले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली, आणि इंग्लंडातील व्यापाऱ्यांची दृष्टी नाइलाजाने हिंदुस्थानकडे वळली. एरवी 'सुरती' म्हणून जिला तेथे कमी लेखीत, ती आखूड धाग्याची, कचरा मिसळलेली रुई एकाएकी मौल्यवान ठरली, आणि हिंगणघाटच्या बनी कपाशीसारखी चांगली जात तर हातोहात उचलली जाऊ लागली. भाव कित्येक पटींनी चढले. नेहमीच्या दराने जी किंमत आली असती तिच्याहून सुमारे ८१ कोटी रुपये १८६१ ते १८६५ या पाच वर्षांत मुंबईला अधिक मिळाले, असा हिशेब त्या काळी मांडला गेला. हा पैसा बहुतांशी सोन्याचांदीच्या रूपाने बोटींतून उतरला, आणि बंदर, दलाल, अडते व खरेदीदार यांच्या हातांतून झिरपत झिरपत वऱ्हाड, खानदेश, नागपूर प्रांत येथील शेताच्या बांधापर्यंत जाऊन पोहोचला.

पुणे-नगरकडील माळरानांत कपाशी तशी थोडीच; परंतु त्याच सुमारास तेथे दुसऱ्या वाटेने पैसा आला. बोरघाटाचे लोहमार्गाचे काम चालू होते, त्यावर भर हंगामात चाळीस हजारांहून अधिक मजूर खपत, आणि १८६३ साली तो घाट वाहतुकीला खुला झाला. मजुरी वाढली, गाडीभाडे वाढले, धान्याचे भाव चढले, आणि ज्याच्यापाशी बैलजोडी व गाडी होती त्या कुणब्याच्या गाठीला, पिढ्यानपिढ्यांत जमला नव्हता इतका रोकड पैसा जमू लागला.

या द्रव्यप्रवाहाच्या मुखाशी मुंबई होती, आणि तेथील प्रतिष्ठितांनी जे केले ते प्रथम पाहिले पाहिजे. कारण उधळपट्टीचा दोष पुढे ज्यांच्या माथी मारण्यात आला ते हे लोक नव्हेत. १८६४ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. नव्या बँका, नव्या पेढ्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या नव्या कंपन्या महिन्यागणिक निघू लागल्या. बॅक बे कंपनीच्या, ५,००० रुपये भरणा झालेल्या शेअराला दसपटीच्या घरात भाव आला. बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लक्षावधींचे व्यवहार ठरत. वकील, डॉक्टर, सरकारी नोकर, युरोपियन आणि एतद्देशीय, सगळेच पुढील तारखेच्या वायद्यांत गुंतले. या माणसांना अन्नाची ददात नव्हती, वस्त्राची नव्हती, निवाऱ्याचीही नव्हती. तथापि शेजारच्या पेढीवाल्याने काल जे मिळविले ते आज आपणास मिळालेच पाहिजे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. प्रेमचंदांच्या देणगीतून विश्वविद्यालयाचे ग्रंथालय आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा उभा राहिला, ही त्या कालखंडाची चिरस्थायी कमाई. परंतु बाकीचा बहुतेक डोलारा कागदाचा होता. १८६५ च्या एप्रिलात दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, रुईचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या पूर्ततेच्या दिवशी, अर्धी मुंबई उरलेल्या अर्ध्या मुंबईचे देणे भागवू शकत नाही असे उघड झाले. बाँबे बँकही अखेरीस बुडाली. १८७२ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ६,४४,४०५ इतकी खाली आलेली दिसते.

आता खेड्याकडे वळू. हाती आलेल्या पैशाचे कुणब्याने काय केले? त्याने काही जुने देणे फेडले, बैल घेतले, विहीर बांधली. आणि पुष्कळशा पैशाची चांदी केली. बायकोच्या पायांत तोडे-वाळे आले, गळ्यात सरी आली, मनगटात गोठ आले. यातील एक भाग निखळ शहाणपणाचा होता, हे विसरून चालणार नाही. ज्या गावी पेढी नाही, जेथे चोराची भीती आणि अवर्षणाची शाश्वती, तेथे अंगावरचा दागिना हीच तिजोरी. तो अडीअडचणीला गहाण पडतो, मोडता येतो, आणि एरवी डोळ्यांना सुख देतो. परंतु दागिन्याची ही बाजू सांगून झाल्यावरही चांदीच्या धावेचा उलगडा होत नाही. धाव गहाण ठेवण्यासाठी कोणी करीत नाही. ती बाजाराच्या दिवशी, चार गावांच्या देखत, वेशीतून आत शिरताना दिसावी म्हणून केलेली असते.

त्या 'चार गावांच्या देखत' मध्ये सर्व मर्म साठविलेले आहे. पिढ्यानपिढ्या ज्याने पाटलाच्या ओसरीखाली उभे राहून बोलावे, सरकारसाऱ्याच्या हप्त्यासाठी सावकाराच्या दारी पागोटे उतरावे, आणि पावसाच्या कृपेवर आपली पत मोजावी, त्याच्या वाट्याला ही पाच वर्षे आली. जमीन वाढविणे सर्वांना शक्य नव्हते. पाटीलकी विकत मिळत नव्हती. अक्षरओळख नव्हती, म्हणून कचेरीतला मान अप्राप्य होता. उरला एकच मार्ग, आणि तो म्हणजे डोळ्यांना दिसेल अशा वस्तूंनी आपले स्थान सांगणे. मनुष्याच्या गरजा भाकरी आणि घोंगडी यांवर संपतात असा हिशेब कचेरीत बसून करणाऱ्यांनी ही तिसरी गरज, आपल्या माणसांत आपणास जागा असावी ही गरज, कोणत्याही रकान्यात धरलीच नाही.

लग्नाच्या खर्चाचेही तसेच आहे. कुणब्याच्या घरचे लग्न हे दोन कुटुंबांपुरते कार्य कधीच नव्हते. ज्याने गेल्या वीस वर्षांत भावकीच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या मांडवांत पंगती झोडल्या, आहेर स्वीकारले, पागोटी बांधून घेतली, त्याच्यावर त्या सर्वांची परतफेड येऊन पडते. न्हावी, परीट, कुंभार, गुरव, जोशी, महार या सर्वांचे त्या कार्यात ठरलेले हक्क असतात. आणि ते हक्क जो डावलील त्याला नांगरणीच्या दिवसांत हाक दिली तर ओ देणारा कोणी उरत नाही. अशा समाजात एकट्याने काटकसर करणे हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने शहाणपणाचे असले तरी व्यवहाराच्या दृष्टीने आत्मघाताचे ठरते. त्यातच कपाशीच्या वर्षांनी या खर्चाचे माप वाढवून ठेवले. एकाने दोन गावांना जेवण घातले की दुसऱ्याला चार गावांना घालावे लागे; आणि जे काल हौसेचे होते ते आज रीतीचे बनून, उद्या न करणाऱ्याच्या नावाने बोटे मोडण्याचे साधन होई. उपभोगाचा हा एक विलक्षण गुण आहे, की तो चढताना प्रत्येकाला आपण स्वेच्छेने चढलो असे वाटते, आणि उतरायची वेळ आली म्हणजे कोणालाही एकट्याने उतरता येत नाही.

पण वाढलेले माप एवढ्यानेच कोणी देशोधडीला लागत नाही. त्यासाठी दुसरी एक व्यवस्था जुळून यावी लागते, आणि ती येथे जुळून आली. कंपनी सरकारच्या पूर्वीही सावकार होता, आणि कुणबी त्याचा ऋणको होता. परंतु त्या काळी सावकाराच्या वसुलीला गावकीच्या रुकाराची मर्यादा होती. कुळ बुडाले तर आपले येणेही बुडेल हे ओळखून तो हात राखून कर्ज देत असे, आणि मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ नये हा दामदुपटीचा दंडक लोकांच्या न्यायबुद्धीत मुरलेला होता. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या सरकारी अंमलदारांनी नवी मोजणी-जमाबंदी सुरू केली. तिच्यामुळे सारा तीस वर्षांपुरता निश्चित झाला, आणि जमिनीवरील कबजा वंशपरंपरेचा व हस्तांतर करता येण्याजोगा ठरला. हेतू चांगला होता. परंतु जी जमीन विकता येते ती गहाणही टाकता येते, आणि गहाण टाकता येणारी जमीन म्हणजे सावकाराच्या दृष्टीने बिनधोक तारण. १८५५ मध्ये व्याजाच्या दरावरील कायद्याची मर्यादा उठली. १८५९ मध्ये नवी दिवाणी कार्यपद्धती आली, आणि त्याच साली मुदतीचा कायदा होऊन साध्या खताला तीन वर्षांची मुदत पडली. कर्जदाराच्या संरक्षणासाठी केलेल्या या मुदतीचा परिणाम उलटाच झाला: मुदत भरत आली की सावकार नवे खत लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, वर मनोती, म्हणजे कर्ज देण्याबद्दलची कसर, कापी, आणि या युक्तीने दामदुपटीचा दंडकही कागदोपत्री न मोडता निष्फळ करून टाकी. कुणबी अक्षरशत्रू, खतात काय लिहिले ते त्याला दुसऱ्याने वाचून दाखवावयाचे. समन्स आले तर तालुक्याच्या कोर्टापर्यंत जाण्याची ऐपत नसे, म्हणून हुकूमनामे एकतर्फी होत. विंगेटने तर १८५२ सालीच सरकारला या घातक परिणामाचा इशारा देऊन ठेवला होता.

कपाशीच्या वर्षांत या यंत्राला पुरता वेग आला. पिकाचे भाव चढले म्हणजे जमिनीची किंमत चढते, जमिनीची किंमत चढली म्हणजे पत वाढते, आणि पत वाढली म्हणजे मागणाऱ्याच्या आधी देणारा पुढे सरसावतो. मुंबईच्या मोठ्या पेढ्यांकडून गावच्या लहान सावकाराला भांडवल मिळे, त्याला स्वतःलाही त्यावर व्याज भरावे लागे, आणि ते भरण्यासाठी आपले खातेदार वाढविणे त्याला प्राप्त होते. तोही या साखळीतील एक दुवाच होता, आणि सगळा दोष त्याच्या जातीवर ढकलणे हा सत्याचा विपर्यास होईल. मुख्य गोष्ट ही, की पूर्वी कुणब्याच्या खर्चाला त्याच्या खळ्यातील रास मर्यादा घालीत असे, आणि आता ती मर्यादा त्याच्या खात्यावरील जमिनीइतकी पुढे सरकली. खर्च आजच्या पिकाशी बांधलेला राहिला नाही. तो न पिकलेल्या पिकांशी आणि मुलाबाळांच्या वारशाशी बांधला गेला.

१८६५ नंतर भाव उतरले, परंतु खर्चाचे माप उतरले नाही, आणि देणे तर मुळीच उतरले नाही. नेमक्या याच वेळी तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपली, आणि १८६७ पासून, तेजीच्या दिवसांतील भाव अद्याप डोळ्यांसमोर असताना, फेरपाहणी सुरू झाली. काही तालुक्यांत सारा निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक वाढला. पुढे धान्याचेही भाव पडले. वाढीव सारा रोखीने भरावयाचा, रोकड सावकारापाशी, आणि सावकाराला आता कुळाच्या पतीविषयी शंका: अशा कोंडीत १८७४ साल उजाडले.

त्या वर्षाच्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी एका सावकाराने कर्जाच्या हुकूमनाम्यावरून गावच्या देशमुखाचे घर पाडावयास आरंभ केला, आणि गावाने त्या सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्या दुकानी कोणी जाईना, त्याच्या शेतात कोणी राबेना, न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. शेवटी त्याला गाव सोडावे लागले. ज्या गावकीच्या नजरेपुढे मान राखण्यासाठी कुणब्याने कर्ज काढले होते, त्या गावकीचे बळ किती होते हे या प्रसंगी दिसून आले. पुढे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे लोकांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला, आणि तेथून ही आग पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. नऊशेंहून अधिक लोकांची धरपकड झाली. या दंग्यांत माणसांच्या जिवाला फारसा अपाय झाला नाही. लोकांची मागणी एकच होती: रोखे, खते, हुकूमनामे आमच्या स्वाधीन करा. ज्याने ते मुकाट्याने दिले त्याला बहुधा त्रास झाला नाही; ज्याने नाकारले त्याच्या गंजीला किंवा घराला आग लागली. अडाणी म्हणविल्या गेलेल्या त्या लोकांनी आपल्या दुःखाची नेमकी जागा ओळखली होती.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच्यापुढे शहाण्या लोकांनी जे कारण मोठ्या आत्मविश्वासाने मांडले ते असे, की कुणबी मुळातच उधळ्या. लग्नाच्या मांडवात तो आपले घर जाळतो, आणि दोष मात्र दुसऱ्याला देतो. आयोगाने आकडे गोळा केले. नगर जिल्ह्यातील बारा गावांच्या तपासणीत असे आढळले, की सुमारे एक-तृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले असून त्यांचे देणे सरासरीने सरकारी साऱ्याच्या अठरापट आहे, आणि त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश रकमेला जमिनीचे तारण आहे. आणि लग्नाच्या खर्चाविषयी आयोगाने जो अभिप्राय दिला तो प्रत्येक नीतिपाठकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कर्जाचे कारण म्हणून या खर्चाला अवास्तव महत्त्व देण्यात आले आहे, असे त्याने म्हटले. कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने तो खर्च मोठा खरा. पण असे प्रसंग विरळा येतात, आणि अनेक वर्षांचा हिशेब धरला तर, त्या स्थितीतील मनुष्याने आप्तेष्टांच्या सहवाससुखासाठी जेवढे खर्च करणे रास्त, त्याहून ती रक्कम अधिक भरत नाही. कर्जाचा डोंगर झाला तो बी-बियाणे, बैल, पोटापुरते धान्य आणि साऱ्याचा हप्ता अशा लहान लहान नित्याच्या उचलींवर व्याजाचे थर चढत गेल्याने. आयोगातील ऑकलंड कॉल्व्हिन यांनी तर स्वतंत्र टिपणात सारावाढीवरच बोट ठेवले.

येथे मला स्पष्ट बोलावेसे वाटते. ज्यांनी एका वर्षात लक्षावधी रुपयांचा कागदी जुगार खेळून बँक बुडविली त्यांच्या वर्तनाला व्यापारातील चढउतार म्हणण्यात आले, आणि ज्याने आयुष्यात दोनदा लेकीच्या मांडवात गावजेवण घातले त्याच्या वर्तनाला उधळेपणा म्हणण्यात आले. दोघांच्याही ठिकाणी प्रेरणा एकच होती: आपल्या बरोबरीच्यांत मागे पडू नये. भेद इतकाच, की एकाला नुकसान सोसण्याची ऐपत होती आणि दुसऱ्याला नव्हती. आणि दारिद्र्यात केलेला खर्च नेहमीच अपराधासारखा दिसतो.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. खतावरील आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहार काय झाला याचा शोध न्यायाधीशाने घ्यावा, कर्जापायी शेतकऱ्याला अटक होऊ नये, दस्तऐवज गावच्या नोंदणी-कामगारासमोर व्हावेत, अशा तरतुदी त्यात होत्या, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे कित्येक वर्षे त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख केली. या कायद्याने धनकोच्या लोभाला लगाम बसला; परंतु मानाचे माप बदलणे कोणत्याही कायद्याच्या आवाक्यातले नव्हते. ते काम दुसऱ्याच ठिकाणी, दंग्यांच्याही आधी सुरू झाले होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीवाचून, अगदी थोड्या खर्चात, समाजाच्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींनी शेतकऱ्याचे घर कसे पोखरले जाते हे त्यांनी पुढे विस्ताराने दाखविले. परंतु त्यांचे खरे थोरपण केवळ त्या टीकेत नाही. त्यांनी कुणब्याला एकट्याने काटकसर करावयास सांगितले नाही. कमी खर्चाचे लग्न ज्यांच्या नजरेत अभिमानास्पद ठरेल अशी माणसे त्यांनी आधी एकत्र आणली, त्यांना एकमेकांच्या पाठीशी उभे केले, आणि मग लग्न लावले.

आजही हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंनी घरे भरतात, मांडव दिवसेंदिवस भव्य होतात, आणि काटकसरीची प्रवचनेही त्याच प्रमाणात वाढतात. त्या प्रवचनकारांनी या अठरा वर्षांपासून एवढे तरी शिकावे, की मनुष्य वस्तूंच्या लोभाने जितका खर्च करतो त्याहून कितीतरी अधिक आपल्या माणसांत स्थान टिकविण्यासाठी करतो, आणि त्याचा तो खर्च विनाशाला पोहोचतो तो कर्ज देणाऱ्याचा लाभ त्या खर्चात गुंतला म्हणजे. म्हणून उपभोगाला आवर घालावयाचा असेल तर दोन कामे हाती घेतली पाहिजेत: ज्याचा नफा दुसऱ्याच्या अतिरेकावर अवलंबून आहे त्याला कायद्याने बांधणे, आणि साधेपणाने राहणाऱ्याला मान देईल असा समाज, मग तो आरंभी पाच-दहा घरांचा का असेना, प्रत्यक्ष उभा करणे. पहिले काम राज्याचे आहे, दुसरे आपणा प्रत्येकाचे. आणि दोन्ही कामे या महाराष्ट्रात पूर्वी झालेली आहेत, म्हणून ती अशक्य आहेत असे म्हणण्याचा अधिकार आपणास उरत नाही.